बस, बेस, बैठ, बठ

सुरतेत उधना-लिंबायतच्या बाजूला कुणालाही "गाव कुठलं?" असं विचारलं, तर "सुरत" हे उत्तर क्वचितच येतं. पिढी इथे वाढली तरी उत्तर धुळे, अमळनेर, नंदुरबार, गंजाम, बलिया, नाहीतर तेलंगणातलं एखादं विणकरांचं गाव असंच असतं. यंत्रमाग, डाइंग-प्रिंटिंगचे कारखाने, साड्यांवरचं भरतकाम, हिऱ्यांची घंटी, या सगळ्याला माणसं लागतात आणि ती चहूकडून येतात. उधना-जळगाव रेल्वेमार्गामुळे तर खानदेशातल्या माणसाला पुण्या-मुंबईपेक्षा सुरतच जवळची. गाडीत बसलं की उतरायचं ते थेट कामावर.

या माणसांच्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मी गेली अकरा वर्षं एका छोट्या बालवाडीत शिकवते. माहेर माझं वडोदऱ्याचं, पाच पिढ्यांपासूनचं. म्हणजे "आज बहू गरमी आहे ना?" असं मराठी बोलणाऱ्या घरातली मी. लग्न होऊन सुरतेला आले आणि गुजराती-हिंदी दोन्ही येतं म्हणून ही नोकरी सहज मिळाली. इथल्या वर्गाला त्या दोन्ही भाषा पुरत नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. गुजराती मुलं मला बेन म्हणतात, मराठी मुलं बाई, ओडिया मुलं दीदी, तेलुगू मुलं अक्का, आणि ज्यांच्या घरी इंग्रजी शाळेची स्वप्नं आहेत ती टीचर. पाचही हाकांना मी ओ देते.

बसायला सांगणं ही बालवाडीतली पहिली सूचना. मराठीत बस, गुजरातीत बेस, हिंदीत बैठ. खानदेशातून आलेल्या घरांत, जिथे अहिराणी बोलतात तिथे, बठ. ओडियात पुन्हा आपल्यासारखंच बस. एवढं होईपर्यंत बहुतेक मुलं बसलेली असतात. उभी राहतात ती तेलुगू मुलं, कारण त्यांच्या घरी म्हणतात कूर्चो, आणि हा शब्द बाकीच्या कुठल्याच शब्दाच्या वाटेने जात नाही. जे मूल उभं राहिलं ते हट्टी आहे असं वाटायला फार वेळ लागत नाही. मी पाहिलंय, नव्याने आलेल्या मदतनीस बाया पहिल्या दिवशी अशा मुलाचा दंड धरून त्याला खाली बसवतात. मूल रडतं. मग ते "रडकं"ही ठरतं. दहा मिनिटांत दोन शिक्के, आणि कारण काय, तर एक क्रियापद.

खरं तर या भाषा एकमेकींना फार परक्या नाहीत. अहिराणीत ‘इथे’ म्हणजे आठे, ओडियात एठि. गंजामचा आणि अमळनेरचा असे दोन मुलगे मातीत खेळताना "आठे, आठे" आणि "एठि, एठि" करत एकाच खड्ड्यात पाणी ओततात, तेव्हा त्यांना दुभाषा लागत नाही. पाणी तर मराठी, गुजराती, ओडिया, अहिराणी सगळीकडे पाणीच. खेळांचंही तसंच. आपले सागरगोटे ते गुजरातीत पांचीका. जमिनीवर चौकटी आखून एका पायावर खापरी सरकवायचा खेळ गुजराती मुली पगथिया म्हणून खेळतात, तेलुगू मुली तोक्कुडु बिळ्ळा म्हणून. नावं निराळी, पण रेघेवर पाय पडला की बाद, हा नियम सगळ्यांना पाठ. भांडणही त्याच नियमावरून, आणि ते मात्र सगळे हिंदीत भांडतात. वस्तीची हिंदी ही काही कुणाची मातृभाषा नाही, ती गल्लीत तयार झालेली भाषा. मुलं ती आमच्याकडून शिकत नाहीत, एकमेकांकडून शिकतात.

गंमत वाटावी अशा या फरकांची किंमत कधीकधी मुलाला मोजावी लागते. रंगांचंच पाहा. गुजरातीत ‘लीलो’ म्हणजे हिरवा. मराठी कानाला तो निळा वाटतो. गुजरातीत ‘भूरो’ म्हणजे निळा, आणि हिंदीत ‘भूरा’ म्हणजे तपकिरी. आमच्याकडचा एक मुलगा, घरी भोजपुरी बोलणारा, अतिशय तरतरीत. आईवडिलांनी त्याला एका खासगी शाळेत नेलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाचणी घ्यायला मनाई आहे, पण "जरा गप्पा मारतो" म्हणून जे चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या बाईंनी खडूंची पेटी पुढे ठेवून ‘भूरो’ मागितला. त्याने तपकिरी काढून दिला. मग ‘लीलो’ मागितला. त्याने थोडा विचार करून निळा दिला. "याला रंगसुद्धा येत नाहीत, अजून एक वर्ष घरी ठेवा," असं सांगून परत पाठवलं. आई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली ती मुलाला एक धपाटा घालूनच. मी त्या पोराला सहा खडू दिले आणि हिंदीत एकेक मागितला. सहाच्या सहा बरोबर. आई बघत राहिली. तिला मी एवढंच म्हटलं, की ताई, पोरगा पास झालाय, पेपर चुकीच्या भाषेत होता.

लहान मूल एखादी गोष्ट ‘जाणतं’ आणि ती आपल्या भाषेत ‘सांगतं’, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाचपर्यंत मोजता येणं ही एक समज आहे. ती मुलाला एकदा आली की शब्द बदलले तरी समज राहते. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हे मांडूनही आता चाळीसहून अधिक वर्षं झाली, की घरच्या भाषेत पक्कं झालेलं दुसऱ्या भाषेच्या कामी येतं, आड येत नाही. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा, असं लिहिलं आहे. लिहायला ते सोपं आहे. पंचवीस मुलं, सहा भाषा आणि एक बाई अशा खोलीत ते कसं करायचं, ते ज्याचं त्याने शोधायचं.

माझ्या वर्गातली सगळ्यात अवघड गोष्ट भाषा नव्हे, शांतता. एक तेलुगू मुलगी आली तेव्हा पावणेचार वर्षांची होती. जूनमध्ये आली आणि दिवाळीपर्यंत एक शब्द बोलली नाही. रडायची नाही, मारायची नाही. सांगितलं की ठोकळे रचायची, डबा खायची, जाताना चप्पल नीट घालायची. तोंडातून मात्र अक्षर नाही. आमच्या संस्थेत तपासणीसाठी येणाऱ्या एका बाईंनी तिच्या नावापुढे ‘मंद’ असं लिहून ठेवलं. ते मी खोडायला लावलं आणि त्यावरून आमची चांगलीच वादावादी झाली.

अशा मुलांच्या बाबतीत मी पहिला प्रश्न घरच्यांना विचारते: घरी बोलते का? मूल घरीही बोलत नसेल, हाकेला मान वळवत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर वेळ न घालवता कान तपासून घ्यायचे आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. तिथे ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबायचं नाही. पण या मुलीची आजी माझ्या प्रश्नावर हसायलाच लागली. म्हणाली, घरी हिचं तोंड बंद कसं करायचं ते सांगा. म्हणजे मूल ठणठणीत होतं. नव्या भाषेत टाकलेली कितीतरी मुलं आधी काही आठवडे, काही महिने नुसतं ऐकतात. तज्ज्ञ त्याला सायलेंट पिरियड म्हणतात. बाहेरून ते गप्प दिसतं, आत भराभर साठवण चाललेली असते.

या मुलीच्या गप्प राहण्याला दुसरंही एक कारण होतं, आणि ते वस्तीतल्या निम्म्या घरांत आहे. वडील मागावर बारा तासांच्या पाळीत. रात्रपाळी असली की दिवसा झोपणार, आणि घर म्हणजे एक खोली. त्यामुळे मुलांना सकाळपासून एकच सांगणं: आवाज करू नका, बाबा झोपलेत. गप्प बसणं हे या मुलांना मिळालेलं पहिलं वळण आहे. म्हणून आमच्याकडे दिवसाची सुरुवात प्रार्थनेआधी पाच मिनिटं मोठ्याने ओरडण्याने होते. वाघ, इंजिन, भाजीवाला, ज्याला जे हवं ते. शेजारच्या दुकानदाराची सुरुवातीला तक्रार होती. आता त्याचा नातूच येतो.

त्या आजीला मी दर गुरुवारी अकरा वाजता बोलवायला लागले. तिने यायचं आणि तेलुगूत एक गोष्ट सांगायची, भाषांतर करायचं नाही. पहिल्या गुरुवारी वर्गातल्या वीस मुलांना एक अक्षर कळलं नाही, तरी सगळी टक लावून बघत होती, कारण आजी हातवारे फार छान करते. गोष्ट कावळ्याची आणि मडक्याची असल्याचं त्यांना तिसऱ्या मिनिटाला कळलं. आणि ती मुलगी आजीच्या मांडीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर असा भाव की ही आमची आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी आजीने ‘नीळ्ळु’ म्हटलं. नीळ्ळु म्हणजे पाणी. भोजपुरी मुलगा लगेच "नीलू, नीलू" करत निळा खडू घेऊन आला. त्यावर ही बया उठून उभी राहिली आणि त्याच्या तोंडासमोर जाऊन म्हणाली, "नीळ्ळु!" तो म्हणाला नीलू. ती पुन्हा, दातओठ खाऊन, नीळ्ळु. पाच महिन्यांनी तिने वर्गात उच्चारलेला हा पहिला शब्द, आणि तोही दुसऱ्याचं चुकलेलं दुरुस्त करायला! होळीपर्यंत ती गुजराती-हिंदीत चुरूचुरू बोलत होती. भोजपुरी पोराला अजून ‘ळ’ येत नाही.

आता आपल्या माणसांबद्दल थोडं. वर्गातल्या मराठी मुलांचं सगळं सोपं असेल, बाई मराठी, मुलं मराठी, असा तुमचा समज असेल तर तो सोडा. त्यांच्या घरी अहिराणी. ‘मला’ नाही, माले. ‘आहे’ नाही, शे. ‘पाहिजे’ नाही, जोयजे. मुलगा आंडोर, मुलगी आंडेर. हे मूल मराठी शाळेत जातं तेव्हा तिथलं पुस्तकी मराठी त्याला थोडं परकंच असतं, आणि शिक्षकाला वाटतं, हे आपलंच आहे, फक्त ‘अशुद्ध’ बोलतंय. ओडिया मुलाने ओडिया शब्द वापरला तर आपण कौतुकाने अर्थ विचारतो. खानदेशी मुलाने ‘माले पाणी जोयजे’ म्हटलं की पाण्याआधी दुरुस्ती मिळते. गणेशोत्सवातल्या आपल्या कार्यक्रमांत बहिणाबाईंच्या कविता आपण मान डोलावत ऐकतो. त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणीची शेजारीण. ती व्यासपीठावर गोड लागते आणि तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडी गावंढळ, याला काय म्हणावं? वडोदऱ्यात मोठी झालेली मी हे बोलते आहे. आमच्या गुजरातीमिश्रित मराठीला पुण्याचे पाहुणे हसायचे, तेव्हा आम्हाला किती लागायचं!

आमच्याकडे तरी ‘शे’ला कुणी हसत नाही. मूल ‘पाणी जोयजे’ म्हणालं की पाणी मिळतं, आणि देताना मी म्हणते, "घे, तुला पाणी पाहिजे ना?" दोन्ही शब्द त्याच्या कानावर राहतात. गोष्टीतल्या कोल्ह्याला आम्ही अहिराणी बोलायला लावतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्या दिवसांत मुलांच्या डब्यात रोट असतात आणि बोलायला विषयच विषय. ओडिया मुलांच्या घरी उन्हाळ्यात पखाळ, म्हणजे पाण्यात भिजवलेला आंबूस भात. तेलंगणातल्या मुली बतुकम्माच्या दिवसांत फुलं घेऊन येतात. हजेरीपटही या सणांवर चालतो. छठला एक गट गायब, आखाजीला दुसरा. वरिष्ठांना हे अनियमित उपस्थिती वाटतं. मी रजेवरून आलेल्या मुलाला विचारते, गाडीतून काय काय दिसलं? भाषेचा तास तिथेच होतो.

यातलं काहीच नवीन नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्तीत बालमंदिर काढलं आणि त्यांच्याबरोबर तिथे गुजरातीतून काम करायला उभी राहिली ती आपली मराठी बाई, ताराबाई मोडक. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये दोघींनी काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथली मुलं वारली. घरची बोली वेगळी, दिवसभर गुरांमागे. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणावर, ती कुरणशाळा. सुरतेहून कोसबाड काही फार लांब नाही. आमच्या बालवाडीत खेळणी म्हणून बॉबिनं, चिंध्या आणि साड्यांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या असतात, ही अक्कल त्यांचीच.

हे सगळं सहा वर्षांपर्यंत ठीक चालतं. खरा पेच त्यानंतर. पहिली कुठल्या माध्यमात? सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. देशात अशी शहरं फार नसतील. म्हणजे कागदावर प्रत्येक मुलाला त्याची भाषा आहे. पण मे महिन्यात माझ्यापुढे बसलेल्या आया विचारतात, "बेन, इंग्लिश मीडियममध्ये टाकू ना?" त्यांना दटावणं मला जमत नाही. कारखान्यात इंग्रजी येणारा माणूस पंख्याखाली खुर्चीवर बसतो आणि न येणारा मागाजवळ उभा राहतो, हे त्या रोज पाहतात. त्यांना ताराबाई सांगून काय उपयोग?

म्हणून मी हिशेब मांडायला बसते. घरात मुलाला अभ्यासात मदत कोण करणार, आणि कुठल्या भाषेत? शाळेत चालत जाता येतं का, मध्ये मोठा रस्ता, रेल्वेचं फाटक आहे का? दोन वर्षांनी गावी परतायचा विचार आहे का? फी बोनसच्या भरवशावर भरणार असाल तर बोनस नाही मिळाला तर काय? मराठी आयांना हेही सांगते, की मराठी शाळेत घातलं म्हणून गुजराती हुकणार नाही. २०२३ च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवी सगळ्या शाळांत गुजराती शिकवणं बंधनकारक आहे. इंग्रजी विषय म्हणून असतेच. ज्या घरात कुणालाच इंग्रजी वाचता येत नाही, तिथल्या मुलाला पहिलीपासून सगळंच इंग्रजीत आलं तर ते पाठ करायला शिकतं, वाचायला शिकत नाही, हे मी स्पष्ट बोलते. काही ऐकतात. बऱ्याच ऐकत नाहीत, आणि त्यांच्यावर मी रागावत नाही.

तुम्हा तरुण वाचकांपैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न वेगळ्या कपड्यांत आलेला असेल. नवरा मराठी, बायको गुजराती, आजी-आजोबा मराठी, सांभाळणारी बाई हिंदी, शाळा इंग्रजी. बाळ दोन वर्षांचं झालं, वाक्यात तीन भाषा मिसळतं, आणि कुणीतरी सल्ला देतं, गोंधळ होतोय, एकच भाषा ठेवा. ठेवू नका. मिसळणं हा गोंधळ नव्हे, हाताशी असलेला शब्द उचलणं आहे. प्रत्येकाने आपल्याला सहज येते ती भाषा मुलाशी बोलत राहावी, आजीने मराठीच बोलावं, आणि प्रत्येक वाक्याचा तर्जुमा करत बसू नये. आणि हो, पाहुण्यांसमोर "काकांना मराठीत बोलून दाखव" हा कार्यक्रम बंद करा. तेवढ्याने कितीतरी मुलांनी मराठी तोंडातून काढणं सोडलेलं मी पाहिलं आहे.

ती तेलुगू मुलगी यंदा पहिलीत गेली. तेलुगू माध्यमाची शाळा तिच्या घरापासून लांब आहे, मध्ये दोन मोठे रस्ते, आणि आई सकाळी सातला साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला जाते. तेव्हा घराजवळच्या गुजराती शाळेत नाव घातलं. दाखल्यासाठी आईबरोबर मी गेले होते. तिथल्या बेननी रंग विचारले नाहीत, नाव विचारलं. तिने नाव सांगितलं, वर भावाचंही सांगितलं. भाऊ आता माझ्याकडे येतो, अजून गप्प आहे. आजी दर गुरुवारी अकराला येते, फक्त कावळ्याची गोष्ट मुलांना पाठ झाल्यामुळे तिला नवी शोधावी लागते.